प्रसंग क्रमांक चौदा

कलामाच्या बाहेर, वाळवंटात, एका कंटेनरमध्ये
आमची खाण उघडते सकाळी साडेसातला.
यास्नाच्या डोळ्यांवर मी तो जाडा चष्मा चढवतो,
मागचा पट्टा आवळतो. फार घट्ट झाला का?
ती म्हणते, नवऱ्यापेक्षा बरा धरतोय.

मग ती चालवू लागते चारशे टनांचा ट्रक
प्लास्टिकच्या खुर्चीत बसून.
बाहेरून बघणाऱ्याला वाटावं
अनोळखी घरात, अंधारात
दिव्याचं बटण चाचपडतेय.

बावीस वर्षं मी खरा ट्रक चालवला.
आता माझ्याकडे फक्त एक हिरवं बटण:
ती कोसळली की दाबायचं.
सोमवारी ती सात वेळा मेली.
आठव्यांदा मरणार, तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली.

बाकीची वळणं तिच्या हातात बसली.
चौदावं काही सुटेना.
पहाट, सूर्य थेट समोर, काचेवर धूळ,
डावीकडचा बांध जरा भुसभुशीत.
ट्रक कलतो इतका सावकाश
की सावरेल, सावरेल, असंच वाटत राहतं.

चष्मा कपाळावर सरकवून ती म्हणाली,
कुठल्या खडूस माणसानं रचलंय हो हे?
असं खरंच कुठे असतं का?

मी पाणी प्यायलो.
रचणाऱ्यांना अहवाल दिला होता कंपनीनं:
वेळ, वेग, उतार, सूर्याचा कोन.
नाव त्यांनी विचारलं नाही.
निबाल्दो वळणावर शीळ घालायचा,
संत्र्याची सालं ठेवायचा डॅशबोर्डवर,
डिझेलच्या वासाला उतारा म्हणून.
तेवढं सोडलं तर सगळं हुबेहूब आहे.

म्हटलं, सूर्याकडे बघू नकोस.
बांधाकडे तर नकोच.
उजवी कड धर, आणि तिच्यावरच राहा.
चल, पुन्हा.

महिन्याभरानं ती खऱ्या ट्रकची शिडी चढली.
मी खाली उभा, हात खिशात,
अंगठा उगाच काहीतरी दाबत होता.

पाळी संपवून उतरली तेव्हा गुडघे लटपटत होते तिचे.
म्हणाली, चौदावं वळण सोपं गेलं.
पण खुर्ची कोमट होती हो,
रात्रपाळीवाला नुकताच उठून गेलेला.
हे तुम्ही शिकवलं नव्हतंत.

नव्हतं शिकवलं.
मी खिशातलं संत्रं तिच्या हातावर ठेवलं.
खा, म्हटलं. साल मात्र टाकू नकोस.