एवढी राहणारच

डंडी गावात, टे नदीवरच्या चढाला,
तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत
रात्री साडेअकराला
दोन काळे स्पीकर सूंऽऽ करतात.
काहीच वाजत नसताना.

आठवडाभर शोधत होते.
फ्रिज बंद करून पाहिला, दूध नासलं.
हीटर बंद केला, शाल गुंडाळून बसले.
खिडकीला कान लावला:
नदी गप्प, पुलावरून शेवटची गाडी गेलेली,
एक सीगल तेवढा कुणाशी तरी भांडत होता.
शेवटी वाटलं, आपल्याच कानात काही झालंय.
बावन्नाव्या वर्षी होतं म्हणतात.

मी अंधांसाठी पुस्तकं वाचते, मराठीतली.
एक वाक्य संपतं, दुसरं अजून सुरू व्हायचंय,
त्या मधल्या जागेत
ही सूं येऊन बसायची,
न बोलावलेल्या पाहुणीसारखी, चपला न काढता.

रविवारी मर्डो आला.
इस्पितळाच्या रेडिओत तीस वर्षं तारा जोडलेला माणूस.
चहात साखर चार चमचे, शब्द त्याहून कमी.
त्यानं दोन्ही वायरी उपटल्या.
सूं तशीच.
"म्हणजे तुझी नाही. यांची आहे."
मग स्पीकर भिंतीपासून ओढले,
पाठीवर टॉर्च मारला:
मागची दोन्ही बटणं पार शेवटाला टेकलेली.
कुणी केली? मीच.
आणि पुढे, कॉम्प्युटरवर, आवाजाची पट्टी
तळाशी, बोटभर.

का, ते त्यानं विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही, की
एकवीस वर्षं भाड्याची घरं,
खाली कायम कुणीतरी झोपलेलं,
"आवाज बारीक कर" हे आधी दुसरे म्हणायचे,
मग माझं मीच म्हणायला लागले.
बहीण फोनवर म्हणते, अगं जरा मोठ्यानं,
आणि तिकडे फोनचा आवाज वाढवते.
मग माझ्यापेक्षा
माझ्यामागचा वाराच तिला जास्त ऐकू येतो.

भाजी शिजताना घालायचं मीठ
मी पानात वरून घेत होते.

मागची बटणं त्यानं घड्याळातल्या दहावर आणली.
पट्टी वर, जवळजवळ माथ्यापर्यंत.
माझा हात आपोआप खाली ओढायला गेला,
त्यानं तो नुसता बघितला.
मग खोलीत एकसुरी धबधबा सोडला,
मोबाइलवर आकडा पाहिला, शहात्तर,
केसभर मागे,
"आता हलवू नको."
मी जागेवर नेलपॉलिशचा ठिपका लावला,
भाचीच्या लग्नाला घेतलेलं, पुन्हा न उघडलेलं,
गडद जांभळं.

धबधबा थांबला
तेव्हा खोली इतकी रिकामी झाली
की मर्डोच्या स्वेटरची लोकर ऐकू आली मला.
मी वाकून स्पीकरला कान टेकवला.
आहे की अजून! अगदी बारीक, पण आहे.
"एवढी राहणारच," तो म्हणाला,
"आत वीज आहे ना."

तो गेल्यावर सातवं प्रकरण वाचलं.
छातीतून वाचलं, मग लावून ऐकलं.
माझा आवाज जरा घोगरा आहे,
हे मला कुणी बोललं नव्हतं.
पूर्णविरामापाशी थांबवलं
आणि श्वास धरून बसले,
खालच्या मिसेस इनेस छताला काठी ठोकतात का ते ऐकत.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकू आला:
खाली त्यांचा टीव्ही चालू होता.
चांगला मोठ्यानं.