पाय पुसून चढ

महापेच्या त्या काचेच्या खोलीत ठरलं,
चांगो नाखवा अकराव्या मिनिटाला मरेल.
दुसऱ्या भागाची सुरुवातच त्याच्या मरणाने.
कोणीतरी फळ्यावर बारीकसं होडकं काढलं,
त्यावर फुली पडली,
मग एसी किती अंशांवर ठेवायचा
यावर जास्त वेळ वाद झाला.

पहिल्या भागात तीस तास
हा माणूस खेळणाऱ्याला खाडीपार करायचा.
तलवार नाही, जादू नाही, पैसेही मागायचा नाही.
दर खेपेला एकच बजावणं :
"पाय पुसून चढ, होडी बायकोची हाय."
ते वाक्य मी संध्याकाळी सातला,
रिकाम्या डब्याकडे बघत लिहिलं होतं.
पुढे लोकांनी टी-शर्टवर छापलं.
बायको कधी दाखवली नाही आम्ही.
बजेट नव्हतं.

सगळ्यांना वाटतं, वरून हुकूम आला.
मीही तसंच सांगते.
कथेची गरज होती, म्हणते,
नायकाला सूड लागतो, म्हणते,
समोरचा मान डोलावतो.
खरं एवढंच, की
मला चांगोचे विनोद सुचेनासे झाले होते.
चार वर्षं त्याच्या तोंडाने बोलून
माझं तोंड आंबलं होतं.
फळ्यावरची फुली माझ्या हातची.

हसुराम तांडेल दिवाळे गावातून आले,
खांद्याला पिशवी, पिशवीत माझ्यासाठी सुके बोंबील.
तुर्भ्याच्या स्टुडिओत हेडफोन कानांवर बसवत
त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला.
"बाय, पुडचा कागद कुठं?"
एवढंच आहे, दादा.
"मंग बाकीच्यांना पलीकडं कोन नेनार?"
आता पूल दाखवलाय, दादा.
"पूल," ते म्हणाले.
हा शब्द त्यांना नवा नव्हता.

चौदा वेळा मेले.
एकदा फार, एकदा कमी,
एकदा मधेच शिंक आली आणि सगळे हसलो.
नवव्या वेळेला कोणी हसलं नाही.
तेच मरण ठेवलं.
मानधन अर्ध्या दिवसाचं. मागच्या खेपेला बावीस दिवसांचं होतं.
व्हाउचरवर सही करताना त्यांनी विचारलं,
"खेलात त्याच्या बायकोला कललं का?"
बोंबलांचा वास येतोय म्हणून
मी खिडकी शोधू लागले.
स्टुडिओला खिडकी नसते.

कोपरखैरण्याला, आमच्याच मजल्यावर,
कडूंची रेवा टीव्हीपुढे मांडी ठोकून बसलेली.
दहा मिनिटं चाळीस सेकंद.
फळीवर पाय टाकला की बाण सुटतो,
हे तिला वर्गातल्या कोणी सांगितलंय.
ती पाय टाकतच नाही.
चांगोशेजारी उभी राहते, बटण दाबते,
तो बोलतो. पुन्हा दाबते.
सहा वाक्यं आहेत त्याला,
मरेपर्यंत पुरतील एवढी.
सातव्यांदा परत पाय पुसून चढ.
यंत्र तापलंय, आई भाकरी थापता थापता ओरडतेय,
शनिवारपासून हेच चाललंय म्हणे.
"मावशी," मान न वळवता ती विचारते,
"ह्याला अजून काहीच बोलता येत नाही का?"

रात्री फाइल उघडली.
चांगोच्या नावापुढे सात हा आकडा टाकला
आणि बराच वेळ तसाच राहू दिला.
मग बायकोबद्दल एक ओळ आली.
मग ओहोटीच्या चिखलाबद्दल.
नववी अगदीच फालतू होती,
पण एकटीच हसले.
परवानगी कोणाचीच नाही.
अकरा वाजले होते तरी फोन लावला.
दादा, उद्या जमेल का?
मरायचं नाहीये. नुसतं बसून बोलायचंय.

"भरती बगून सांगतो," म्हणाले,
आणि फोन बंद करायला विसरले.
भांड्यांचा आवाज, मोरीतलं पाणी,
मग आत कोणाला तरी सांगताना ऐकू आले :
"अगो, जिता हाय तो."