चार पूर्णांक दोन

ग्रामपंचायतीच्या मागे, पाण्याच्या टाकीपासून पंधरा पावलांवर
एक पांढरा खांब आहे. त्याला जाळीदार पेटी,
वर गरगरणाऱ्या तीन वाट्या,
आणि शेळ्या येऊ नयेत म्हणून भोवती तार.
तार मी बांधली. पेटी कंपनीची.
थंडी कुणाची, ते करारात लिहिलेलं नाही.

मी धूळ पुसते, सोलरच्या काचेवरची
कावळ्याची शीट खरवडते, रजिस्टरात सही करते.
महिन्याला साडेतीन हजार.
आकडे आपोआप जातात,
माझ्या हातातून नाही, डोक्यावरून.

अट एका ओळीची:
सलग तीन रात्री पारा चारच्या खाली गेला
तर मंडळातल्या सगळ्या द्राक्षबागांना भरपाई.
मंडळात गावं एकोणीस.
एकोणीस गावांची हुडहुडी
या एका पेटीत मावते, असं धरलेलं आहे.

जानेवारीत पहिल्या रात्री तीन पूर्णांक सहा.
दुसऱ्या रात्री तीन पूर्णांक नऊ.
तिसऱ्या रात्री निफाडकडच्या आमच्या शिवारात
कुणी पाठ टेकली नाही.
ओल्या पाचटाचा धूर वेलींखाली अंथरला होता,
विहिरीचं कोमट पाणी ठिबकमधून मुळांशी सोडलं होतं,
आणि निम्मा गाव मफलर गुंडाळून
पेटीपाशी उभा, आजाऱ्याच्या खाटेपाशी उभं राहावं तसा.

पानगव्हाण्यांचा ऋत्विक म्हणाला,
ताई, डेअरीतनं बर्फाची लादी आणू का?
सगळे हसले.
मग हळूहळू एकेक जण हसायचा थांबला
आणि माझ्याकडे बघू लागला.
चावी माझ्या स्वेटरच्या खिशात होती. गरम झाली होती.

कौतिकनाना डेर्ले तेवढे खाली बघत होते.
म्हणाले, लादी सकाळपर्यंत विरघळंल रे पोरा.
पेटी खोटी पडली ती मात्र पडलीच.

पहाटे साडेपाचला: चार पूर्णांक दोन.

नानांची बाग कादवेच्या अंगाला, खोलगटात.
थंडी तिथे पाण्यासारखी उतरते आणि साचून राहते.
त्यांनी मांडवाच्या तारेला थर्मामीटर टांगलं होतं,
त्यात दीड.
सोनाकाचे मणी हरभऱ्यापेक्षा थोडे मोठे झालेले,
प्रत्येकाला केसाएवढी चीर.
नानांनी एक मणी मला चाखायला दिला.
आंबट होता. थंड होता. खरा होता.

आमच्यात सावड असते.
आज तुझ्या छाटणीला माझ्या घरची चार माणसं,
उद्या माझ्या विरळणीला तुझी चार.
नाना म्हणतात, विमा म्हणजे सावडच,
फक्त माणसं दिसत नाहीत.
गेल्या साली आपलं बरं चाललं होतं, तेव्हा आपला हप्ता
कुठल्या तरी परमुलखात मका करपलेल्या माणसाकडे गेला असंल.
त्यानं पुन्हा पेरलं असंल.
कुणाच्या तरी ताटात भाकरी पडली असंल.
याला पुरावा काही नाही. नानांना तसं समजायला आवडतं.

आणि आपली पाळी आल्यावर
तो माणूस दोन दशांशांवर अडकला, मी म्हणाले.
नाना म्हणाले, तो कशाला अडकंल? त्याला आपला खोलगट दिसला नाही.
दाखवला पाहिजे.

म्हणून फेब्रुवारीभर मी आणि नाना
नऊ बाटल्या, नऊ थर्मामीटर घेऊन
नदीपासून टेकाडापर्यंत पहाटे चालत होतो.
वहीत लिहीत होतो: इथे सहा. इथे साडेचार.
इथे, जिथे बांध वळतो, एकदम तीन.
नानांचे आकडे तिरपे, माझे सरळ.
वहीची झेरॉक्स नाशिकला गेली, तिथून पुण्याला,
तिथून पुढे कुठे, ते पोचपावतीवर नाही.

पैसे आले नाहीत.
नानांनी अर्धी बाग ठेवली, अर्धी तोडून गहू केला.

कालच दोन माणसं आली,
खोलगटात खड्डा घेऊन सिमेंटमध्ये खांब रोवून गेली.
पेटी नंतर येणार म्हणे. कधी, विचारलं नाही.
आज सकाळी खांबाच्या टोकावर कोतवाल बसला होता,
शेपटी दुभंगलेली, गव्हाकडे तोंड करून.
तार बांधायला मला तीस मीटर लागेल.