एक घमेलं राख

पुलेंग मास्तरीण वही घेऊन दारोदार हिंडली.
पैसे मागेल या धास्तीनं
अर्ध्या गावानं कड्या लावून घेतल्या होत्या.
तिनं मागितली राख.
गंजके डबे, हाडं, वाळकं गवत,
आणि भांडी धुतलेलं पाणी, फेकणार असाल तर.

आमच्याकडे तेवढंच तर होतं.

वहीत सगळं नावानिशी:
मापालेसा, एक घमेलं राख.
सेखोन्याना, डबे सात,
पैकी एक माशांचा, वास येतो.
मोलेफी, दगड.

मोलेफी म्हणजे मी.
लेसोथोच्या या डोंगरावर देवानं
बाकी सगळं चिमटीनं वाढलं,
दगड मात्र पोत्यानं ओतले.
बावीस वर्षं सरहद्दीपलीकडच्या खाणीत उतरलो,
आलो तेव्हा जवळ एक कांबळं, एक रेडिओ
आणि हा खोकला.
शाळेमागे वाफा रचताना
दर चौथ्या दगडाला मला बसावं लागे.
तोवर पोरं पाचवा आणत.
हा चालेल?
नाही, डुगडुगतोय. कूस बदल.
हां. आता बसला.

कमरेइतका उंच, गोल वाफा,
भाकरीचा एक तुकडा मोडावा तशी एका बाजूला खाच.
खाचेत उभं राहायचं
आणि मधल्या काटक्यांच्या टोपलीत धुवण ओतायचं.
हे याचं तोंड, पुलेंग म्हणाली.
झालं. त्या दिवसापासून पोरं वाफ्याला भरवू लागली.
घरून बाटल्या आणत,
दोन ओढे ओलांडून, बूच दाबून धरून.

पालक आला. गाजरं आली.
बीट मातीतून खांदे वर काढू लागलं.
मग त्सेकेलोच्या शेळ्या आल्या.

एका दुपारीत सगळं. देठसुद्धा नाही.
पोरं रडली नाहीत,
आणि माझ्या घशाशी आलं ते त्यामुळेच.

गावप्रमुखापुढे खटला उभा राहिला.
फिर्यादी वय वर्षं सात ते अकरा.
केनेवे पुढे आली, कागदावरून वाचलं:
पालक तीस पानं. गाजरं मोजली नव्हती. बीट अकरा.
बीट कसं लागतं
ते आम्हाला अजून माहीत नाही.
शेळ्यांना माहीत आहे.

गाव हसलं. त्सेकेलो हसला नाही,
टोपी काढून तिच्यात बघत बसला.

दंड ठरला बारा पोती लेंड्या.
त्या घेऊन आला त्याचा गुराखी, लेहाना,
तेरा वर्षांचा, गमबूट, अंगावर कांबळं,
शाळेचं फाटक त्यानं बाहेरूनच पाहिलेलं.
पोतं उतरवलं, आणि कोपऱ्यातला
उपटून टाकलेल्या तणाचा ढीग बघून
तोंडावर हात ठेवून हसला.
हे फेकता?
हे थेपे. रानात आम्ही हेच शिजवतो.
आणि हे कडू, पण दोनदा पाणी काढलं की जमतं.
पुलेंगनं खडू खाली ठेवला.
तुकडीच्या तुकडी त्याच्याभोवती उकिडवी बसली,
आणि तो एकेक पान उलटून
पाठीमागच्या शिरा दाखवत गेला.

त्या दुपारी मामोसानं मक्याच्या पापाबरोबर
तण शिजवलं.
लेहानाला ताट दिलं. तो दाराशीच बसला,
आत बोलावलं तर म्हणाला, शेळ्या दिसत नाहीत इथून.
तो तिसऱ्यांदा आला तेव्हा
मी दाराजवळ त्याच्यापुरता एक सपाट दगड बसवला.
आतूनही दिसतील, असा.

वहीत नवी ओळ आहे:
लेहाना, पोती बारा. थेपेची ओळख.

बीट पुन्हा पेरलं, कुंपण घातलं.
हिवाळ्याच्या तोंडाशी अकराच्या अकरा नाही, सहा निघाले.
उकडून, चकत्या करून, एकेकाला एक.
कोणी थुंकलं, कोणी दुसरी मागितली,
दुसऱ्या दिवशी दोघं जण मुतारीतून
किंचाळत बाहेर आले,
तांबडं बघून मीही क्षणभर दचकलोच.

केनेवेनं मात्र चकती चावून चावून संपवली,
फाटकापर्यंत पळत गेली,
आणि उतारावरच्या शेळ्यांना
आपली लालभडक जीभ
मुळापासून काढून दाखवली.