नऊ मीटर

सतरा अंश, चौतीस मिनिटं आणि वर थोडं, उत्तर.
मुबीन आकडे मोठ्यानं वाचतो
फेरीबोटीच्या वेळा वाचाव्यात तसे.
समोर वेलदूरच्या मागची म्हशीची नाळ,
इथून कधी म्हैस चढली असेल
यावर आमच्यातल्या कुणाचाच विश्वास नाही.

सुटे दगड. नोव्हेंबरचं गवत, मोज्यांत कुसळं.
गजा भुवड म्हणतो, डबाच उघडायचा होता
तर आईच्या फडताळात काय कमी आहेत?
तरी तोच पुढं,
एका हातात अंजनीची फांदी, दुसऱ्यात काही नाही,
आणि त्याच्या टाचेखालून सुटलेला जांभ्याचा खडा
आम्हा तिघांना क्रमानं भेटून खाली जातो.

मध्येच मिथिला थांबते. बूट बघते, म्हणते.
मग आम्हीही आपापले बूट बघतो.
कुणाची धाप मोठी, हा विषय निघत नाही.

मागं वळलं की खाडी.
दाभोळकडं निघालेली बोट एवढी लहान
की कुणीतरी पाण्यावर काडेपेटी ठेवली
आणि विसरून घरी गेलं.

वर सडा.
फोन म्हणतो, तीन मीटर.
तीन मीटरवर कातळ.
फोन म्हणतो, दोन.
दोन मीटरवर तोच कातळ, फक्त जास्त तापलेला.
लपवणाऱ्यानं खूण लिहून ठेवली आहे:
पावसात पाणी पिणाऱ्या दगडाच्या तोंडात बघा.
बघतो. तोंड सापडतं.
आत वाळलेलं शेवाळ, खेकड्याची एक नांगी,
डबा नाही.

अकरा उपग्रह डोक्यावर आहेत, मुबीन सांगतो.
गजा वर बघतो, खरंच मोजल्यासारखा.
तासभर आम्ही दगड उलटे करतो, सुलटे करतो,
एका विंचवाची माफी मागतो.

"काय हुडकताव?"
कमरेला कोयती, पुढं सात-आठ शेळ्या,
धनगरवाडीची म्हातारी केव्हाची उभी असावी.
मिथिला हवेत हातांनी डबा काढून दाखवते.
"त्यो व्हय," ती म्हणते, "थितं पानी भरतं."

आणि चालू लागते. कुंभ्याच्या मुळाशी जाऊन
एक चपटी चीप बाजूला करते,
आपल्याच घराची कडी काढावी इतक्या सहज.

हिरवा डबा. त्यावर दुधाची पिशवी, त्यावर
लुगड्याच्या काठाची चिंधी, गाठ मारलेली.
आत वही. कोरडी.
पहिल्या पानावर अकरा वर्षांपूर्वीचा दिमाख,
मग कुणी पुण्याचे, कुणी सावर्ड्याचे,
"ऊन भयंकर, नजारा भारी,"
आणि मध्ये मध्ये, तारखेशिवाय,
लाल मातीचा एक अंगठा.
परत चार नावं. परत अंगठा.

कुणाचा तरी नवस असेल, असं तिला वाटलेलं.
दिवाळी झाली की उघडून ऊन दाखवते,
आणि आपण येऊन गेल्याचं
ठेवून जाते.

एक वस्तू घ्यावी, एक ठेवावी, असा नियम असतो.
मिथिला तो समजावून सांगायला लागते.
"प्येन घेतला व्हता नातवानं," म्हातारी मध्येच सांगते,
"त्येच्या बदली घुंगूर टाकला की."

तिचं नाव विचारून मिथिला शेवटच्या अंगठ्याखाली लिहिते:
ठकूबाई ढेबे.
ती वाकून बघते, बराच वेळ.
"येवढंसंच?"

मुबीन नवे आकडे टिपायला फोन काढतो.
नऊ मीटरचा फरक.
मग फोन खिशात टाकतो.
येतील त्यांनाही विचारू दे कुणाला तरी.

मी फेरीबोटीचं तिकीट ठेवलं, घेतलं काही नाही.
गजानं घुंगूर उचलला
आणि चांगली टॉर्च ठेवली, नवी, सेलसकट,
कुणी बघत नाही असं समजून.

उतरताना घुंगूर त्याच्या खिशात वाजत राहिला.
अर्ध्या नाळेत पाहतो तर
मागं एक करडू, तांबडं, कान पडलेले,
गजाच्या खिशाकडं टक लावून.
वर ठकूबाईची हाक, लांबलचक.

याला परत वर कोण नेणार?
आम्ही चौघंही थांबतो
आणि आपापले बूट बघतो.