पुस्तकासोबत

हेमांगी, पुस्तक पाठवतेय.
रत्नागिरीच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिलंय,
पिशवीत खाली पुस्तक, वर कोकमं,
कोणी उघडलीच तर कोकमंच दिसतील.
रहस्यकथा वाचून माणूस असा होतो.

माझ्या फॉल-पिकोच्या दुकानात कोणीतरी विसरून गेलं हे.
दोन महिने वाट बघितली. मग उघडलं.
गावात मंगळवारचा क्रोशाचा वर्ग,
शिकवणाऱ्या बाई खुर्चीत मेलेल्या,
मांडीवर अर्धवट तोरण.
रक्त नाही, बंदूक नाही.
एक खून आणि बत्तीस कप चहा, मी मोजले.
निवृत्त पोस्टमास्तरीण तोरण ओळीओळीने उसवते
आणि म्हणते, इथून पुढे हात बदललाय,
बघा, धाग्याचा ताण बदललाय.
हे सांगितलं तर चालतं. मागच्या पुठ्ठ्यावरच छापलंय.

मग ते जुलेखाकडे गेलं.
तिने औषधांच्या काउंटरखाली वाचलं,
कोणालातरी खोकल्याऐवजी पोटाचं दिलं,
आणि बासष्टाव्या पानावर खुनी ओळखला. चुकीचा.
इफीबाय रोज तेर्स संपल्यावर एकच प्रकरण,
भिंग धरून, ओठ हलवत.
शेवंती गिरपने कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचलं,
ऐंशी ते शहाण्णव पानांवर काजूच्या चिकाचे काळे अंगठे आहेत,
ते पुसू नकोस, ते तिथे जमलेल्या बायका आहेत.
सगळ्यांचा एकच नियम:
खुनी कोण ता सांगलंस तर बग, बोलूचंय नाय.

शेवटी त्या तोरणाची कृती दिली आहे.
आम्ही चौघींनी विणायला घेतलं.
चौघींचंही अकराव्या ओळीत वाकडं झालं.
साखळ्या जुळेनात, खांब एकमेकांवर चढले,
इफीबायचं तर टोपीसारखं वर आलं.
मी म्हटलं, छापणाऱ्याचीच चूक.
पण सांगणार कोणाला?

पुढच्या फेरीत पुस्तक परत आलं तेव्हा
अकराव्या ओळीशेजारी पेन्सिलीने लिहिलेलं:
इथे दोन साखळ्या कमी. घाला, बसेल.
घातल्या. बसलं.

जुलेखा म्हणाली, मी नाही.
शेवंती म्हणाली, माझ्याकडे पेन्सिल कुठे?
इफीबाय नुसती हसली, आणि ती सगळ्यालाच हसते.
मग मी दुकान अर्धा तास आधी बंद केलं
आणि ते पान दिव्याखाली धरलं.
अक्षरं उजवीकडे फासलेली,
म्हणजे लिहिणारा हात लिहिलेल्यावरून सरकत गेला: डावरा.
एकशे चाळिसाव्या पानात खुणेला दोरा,
निळा. सुती नाही. नायलॉन.
आणि पान फुगलेलं, कडेला पांढुरकं,
जिभेला लावलं तर खारट.
(लावलं. तूही लावशील.)

रविवारी मी बंदरावर गेले, बांगडे घ्यायला म्हणून.
चौघींपैकी एकीचा नवरा
धक्क्यावर फाटलेलं जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून बसला होता,
सुई डाव्या हातात,
न बघता भोक मोजत होता,
जसे आपण बोटांवर खांब मोजतो.
चाळीस वर्षं हेच विणतोय माणूस,
त्याला दोन साखळ्यांची चूक दिसणार नाही तर कोणाला?

मी काही बोलले नाही. बांगड्यांचा भाव केला.
तोही काही बोलला नाही.
निघताना मान वर न करता म्हणाला,
दुसरो भाग आसा काय?

त्याचं नाव सांगणार नाही, नियम आहे.
बायकोला अजून माहीत नाही
की रात्री ती झोपली की भिंग कोण घेतं.
अरे देवा.
ते वाक्य खोडलं असतं, पण कंडक्टर हॉर्न वाजवतोय.

वाचून झालं की पुढे दे, इकडे परत नको.
आणि तिथे कुठे दुसरा भाग दिसला
तर आधी इकडे पाठव. वाट बघणारे आहेत.