अर्धी वीट

भूकंपानंतर आमची शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची.
दिवाळी होऊन गेली तरी झोपायला आम्ही अंगणातच,
भिंतीला पाठ टेकायची सवय सुटलेली.

त्या दिवशी लव्हाळे सर पिशवी घेऊन आले.
किल्लारीच्या अंगाला त्यांचं गाव. दीड महिना रजेवर होते.
दाढी वाढलेली, आवाज मात्र तोच,
तासापुरता काढलेला, खडूसारखा कोरडा.
"बादली आणा रे. काठोकाठ भरून."
मी गेलो. हापसा दमेपर्यंत हाणला.

पिशवीतून आधी निघाली वीट. अर्धीच.
मागून वस्तुसंग्रहालयाचे दस्तगीरमामू,
काखेत रजिस्टर, तोंडात एकच,
"सर, फुटली तर माझी नौकरी जाईल बगा."
आमच्याच तेरच्या देवळातली वीट,
हजाराहून जास्त वर्षांची.
कोण राजा आला, कोण गेला, तिला काय पत्ता?
शिखरात बसून तिनं कबुतरं तेवढी ओळखली असतील.

"बुडंल का तरंगंल?"
एकवीस पोरं ओरडली, बुडंल!
वीट म्हणजे वीट, तिला काय पवता येतंय?
एकटी जैतुन म्हणाली, तरंगंल.
का गं?
"भाकरीवानी हाय, सर. आत हवा हाय."
आम्ही खो खो हसलो.

सरांनी वीट पाण्यावर ठेवली,
झोपलेलं लेकरू खाली ठेवतात तशी,
आणि हात काढून घेतला.
ती जराशी दबली,
एका अंगाला कलली,
राहिली.

मग हातोहात फिरली ती, ओलीच.
फुटक्या बाजूला बारीक बारीक खाचा,
नखानं कोरल्यासारख्या.
भाताचं तूस, सर म्हणाले.
कुणीतरी ते चिखलात मळलं.
भट्टीत तूस जळून गेलं
आणि ते होतं तिथं त्याच्या मापाची हवा उरली.
"पण सर, ह्या ज्वारीच्या मुलखात
एवढं भाताचं तूस आणलं कुठून?"
"माहीत नाही," सर म्हणाले.
शाळेत हे दोन शब्द
मास्तरच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले.

पिशवी अजून जड होती.

काळा दगड. एका अंगाला पांढऱ्या मातीचा गिलावा,
त्यावर कोळशानं कुणीतरी मांडलेला
दुधाचा हिशोब.
तीन. तीन. अडीच. तीन.
पुढं काही नाही.
कुठल्या भिंतीतला, ते कुणी विचारलं नाही.
अडीच फूट रुंद भिंती असायच्या त्या गावांत,
चोर फोडू शकणार नाही अशा.

सरांनी तो हातानं सोडला नाही,
हातासकट खाली नेला,
शर्टाची बाही कोपरापर्यंत भिजली.
पाणी काठावरून सांडून आमच्या पायांत आलं.
तळाशी गिलावा सुटला,
तीन गेले, अडीच गेलं,
आणि बादलीतलं पाणी हळूहळू
दुधाळ झालं.

फळ्यावर सरांनी लिहिलं, निष्कर्ष.
पुढं दोन टिंबं दिली.
खडू तसाच धरून उभे राहिले
घंटा होईपर्यंत.

आता तेरणेकाठी माझी भट्टी आहे.
तूस मळून मीही पाहिलं, तीनदा.
पहिल्या खेपेची वीट बुडाली.
दुसरीची तरंगली खरी,
पण उचलताना हातात कुसकरली.
तिसऱ्या खेपेला जैतुन आली होती, लातूरहून,
चष्मा पुसत म्हणाली, "भट्टी लवकर थंड करतोस तू."
असेल.

मला आठवतात ते दस्तगीरमामू,
मधल्या सुट्टीत, वस्तुसंग्रहालयाच्या पायरीवर.
शेजारी अर्धी वीट उन्हात वाळत घातलेली,
धुतलेल्या चपलेसारखी.
ते तिच्यावरून माश्या हाकत होते.
खाली फरशीवर पाण्याचा ओला चौकोन,
एका कोपऱ्याकडून
कमी कमी होत चाललेला.